गाडी जर्मनीत, पोरगं हायवेवर

आमच्या महाळुंगे इंगळेच्या बजाज कारखान्यात बनलेली केटीएम आरसी ३९०, अवघी ३७३ सीसीची. २०१४ मध्ये जर्मनीच्या एडीएसी ज्युनिअर कपमधली पोरं हिच्यावरच शर्यत शिकली!

ओळखीतल्या एका कामगाराच्या मुलाला आता स्वतःची आरसी घेऊन परदेशी ट्रॅक डेला जायचंय. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची, आपल्या वकुबाच्या गटात पळवायची. समोरून ट्रक नाही, अँब्युलन्स उभी. छोटी गाडी सरळ रस्त्यावर मागे पडते, पण वळण घ्यायला शिकवते.

गाडी न्यायची तर कार्ने, अनामत, जहाजभाडं. मी म्हटलं, "बाबा, तिकडं भाड्यानं घे."

पण मुळात एवढ्या लांब का जायचं? देशातले जुने ट्रॅकही चेन्नई-कोइमतूरकडे. तोवर हा पठ्ठ्या चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या कडेनं वेग काढतो. त्याची आई दार उघडं ठेवून बसते.

कंपन्यांकडे चाचणीचे ट्रॅक आहेत. महिन्यातला एक रविवार, परवडेल अशा शुल्कात, नियम लावून पोरांना द्या. आमदार, खासदार, एमआयडीसी, कुणीतरी हा विषय घ्या. गाड्या आपण बनवायच्या आणि चालवायला जागा मात्र परक्यांची, हे किती दिवस?