कारखाना आणि जाते

भोरला आमचे बिऱ्हाड होते तेव्हा पावसाळ्यातल्या संध्याकाळी राम गणेश गडकरी यांचे 'संपूर्ण बाळकराम' मोठ्याने वाचण्याचा घरात प्रघात होता. बाहेर पावसाची झड आणि आत 'कवींचा कारखाना' या लेखावर पिकलेला हशा! कौलांचा कारखाना आम्हांला ठाऊक होता, पण कवींचा? शीर्षकच हसवायला पुरेसे होते. 'गोविंदाग्रज' या नावाने कविता लिहिणारे गडकरी 'बाळकराम' होऊन स्वतःच्याच जातकुळीची टोपी उडवीत होते. १९१९ साली ते गेले. आपली थट्टा शंभर वर्षांनी वस्तुस्थिती होईल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

गेल्या वर्षी आमच्या आईचा पहिला स्मृतिदिन होता. आठवणपत्रिकेसाठी चार ओळी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. चार दिवस झाले तरी कागद कोराच. अखेर पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही त्रास करून घेऊ नका." त्याने मोबाईलमध्ये आईचे नाव, गाव आणि लेकरांची संख्या घातली. अर्ध्या मिनिटात बारा ओळी तयार! वृत्त चोख, यमके बिनचूक. त्या वाचल्या गेल्या तेव्हा जमलेल्यांचे डोळे पाणावले. खरे सांगायचे तर आमचेही. त्या रात्री आम्ही 'बाळकराम' पुन्हा उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या पानांवर हसू आले नाही.

अशी थट्टा खरी होण्याचे उदाहरण याहून जुने आहे. जोनाथन स्विफ्ट या आयरिश धर्मगुरूने १७२६ साली 'गलिव्हरच्या प्रवासा'त एका विद्यापीठाची टर उडविली आहे. तेथे एक अवाढव्य चौकट आहे, तीत भाषेतले सारे शब्द लाकडी ठोकळ्यांवर चिकटवलेले आहेत. चाळीस विद्यार्थी दांडे फिरवतात, शब्दांची जागा बदलते आणि जे जुळेल ते उतरवून घेतले जाते. या यंत्रामुळे अडाण्यातला अडाणीही काव्य, राजकारण, अगदी ईश्वरविज्ञानावरचे ग्रंथ लिहू शकेल, असा तेथील प्राध्यापकाचा दावा! याच पुस्तकात मंगळाला दोन चंद्र असल्याचे लिहिले आहे आणि १८७७ साली असाफ हॉल यांना ते खरोखरच सापडले.

परंतु हे दोन योगायोग एका माळेत ओवण्यासारखे नाहीत. चंद्रांची गोष्ट हा लागलेला नेम होता. पृथ्वीला एक आणि गुरूला चार, तर मधल्या मंगळाला दोन असावेत, असा अंदाज केप्लरने पूर्वीच बांधला होता. यंत्राची गोष्ट मात्र माणसाच्या स्वभावातून निघाली. कष्टावाचून नाव मिळावे ही आपली हौस. विनोदकार ती हौस सरळ रेषेत शेवटपर्यंत ओढून दाखवतो. आपण हसतो आणि मग सावकाश त्याच रेषेवरून चालत जातो. अमेरिकेच्या मॉर्गन रॉबर्टसनने १८९८ साली कथेत 'टायटन' नावाचे जहाज हिमनगावर आपटून बुडविले. न बुडणारे म्हणून गाजलेले ते जहाज, त्यावर जीवरक्षक होड्या अपुऱ्या. १९१२ साली 'टायटॅनिक' तसेच बुडाले. त्याने भविष्य पाहिले नव्हते, गर्व तेवढा ओळखला होता.

आमची आई वेल्हे तालुक्यातली, तोरण्याच्या पायथ्याची. अक्षरशत्रू. पहाटे जात्यावर बसली की ओवीमागून ओवी येई. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हॅ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या मावळातल्या बायांच्याही आहेत. त्या चाळताना एक गोष्ट प्रांजळपणे कबूल करावी लागते. ओवीलाही साचा असतोच. तीच सुरुवात, तोच भाऊराया, तेच माहेर. बाई नावे तेवढी बदलते. मग साच्याचा दोष यंत्रालाच का द्यावा?

बरेच दिवस हा प्रश्न मनात घोळत राहिला. दांडा स्विफ्टच्या यंत्रालाही आहे आणि जात्यालाही खुंटा आहे. पण यंत्राचा दांडा फिरवणाऱ्याला काही सांगायचे नसते. जात्याचा खुंटा धरणाऱ्या आईच्या तळहाताला घट्टे होते, आणि तिचा एक भाऊ पानशेत धरणात गाव बुडाल्यावर दूर गेला तो क्वचितच भेटला. तिच्या ओवीत 'भाऊराया' येई तेव्हा तो साच्यातला नसे.

त्या बारा ओळींनी आम्हांला रडविले हे खरे. परंतु ते पाणी आमच्याच विहिरीचे होते, ओळींनी फक्त पोहरा सोडला. पुतण्यावर आमचा राग नाही. त्याने काकाची अडचण ओळखली. चुकले असेल तर आमचेच. चार दिवस कोऱ्या कागदापुढे बसलो, पाचव्या दिवशी बसायचे टाळले.

यंदाच्या आठवणपत्रिकेसाठी आम्ही पुन्हा बसलो आहोत. दोन ओळी झाल्या आहेत. यमक जुळलेले नाही. पण त्यांत पानशेत आले आहे आणि मामा आला आहे.