वीस गिनींची चोपडी

अप्पा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तीन नकला सापडल्या. नक्कल म्हणजे काय, हे आता माझ्या वर्गातल्या मुलांना समजावून सांगावे लागते. सबंध नाटक उतरवून प्रत्येक नटाला देण्याइतका वेळ नि कागद पूर्वी कुणापाशी होता? ज्याचे जे भाषण तेवढेच त्याला लिहून द्यायचे, आणि त्याच्या आधी समोरच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द. बस्स. अप्पांनी गावच्या जत्रेसाठी जन्मात एकच संगीत नाटक लिहिले, सावित्रीचे. त्याची मूळ चोपडी कुणीतरी ‘वाचून देतो’ म्हणून नेली, ती गेलीच. उरल्या या तीन नकला: यमाची, एका ऋषीची आणि द्वारपालाची. द्वारपालाला तर चारच वाक्ये!

म्हणून रद्दीवाल्याच्या दुकानात एक जुने इंग्रजी पुस्तक चाळताना ‘सावित्री’ हे नाव दिसले, तेव्हा मी ते घेतल्यावाचून राहिले नाही. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचे ते चरित्र. लिहिले होते त्याच्या मुलीने, इमोजेनने. होल्स्ट संस्कृत शिकला होता आणि १९०८ साली त्याने सावित्रीवर एक छोटा ऑपेरा रचला होता. माझे इंग्रजी बेताचेच. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज चार पाने वाचीत होते. पण सावित्री राहिली बाजूला, आणि मी गुंतले ते दुसऱ्याच एका गोष्टीत.

हेन्री पर्सेल हा सतराव्या शतकातला इंग्रजांचा मोठा संगीतकार. १६९२ साली लंडनच्या डॉर्सेट गार्डन नाट्यगृहात त्याचे ‘द फेअरी क्वीन’ रंगभूमीवर आले. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ची मोडतोड करून कुणी अनामिकाने ते रचले होते. गंमत अशी, की पर्सेलने शेक्सपिअरची एकही ओळ चालीत बांधलेली नाही. नाटकातली मुख्य माणसे नुसती बोलतात. गातात ते देव, पऱ्या, ऋतू नि रात्र. चार घोड्यांच्या रथातून सूर्यदेव येतो. शेवटच्या अंकात सहा माकडे नाचतात, आणि रोमन देवांची राणी जूनो मोरांच्या रथातून अवतरते, ते मोर पिसारे उलगडतात नि सारा रंगमंच भरून जातो. आपल्या जुन्या कंपन्यांचे मालक हे वाचून हरखले असते, आणि मग खर्चाचा आकडा ऐकून मटकन खाली बसले असते! तिथेही तेच झाले. कंपनीच्या प्रॉम्प्टरने पुढे लिहून ठेवले आहे, की राजदरबार नि शहर दोन्ही खूश झाले, पण खर्च इतका आला की कंपनीच्या हाती फारसे काही लागले नाही.

१६९५ साली अवघ्या छत्तीसाव्या वर्षी पर्सेल वारला, आणि त्यानंतर लवकरच ती स्वरलिपीची चोपडी नाहीशी झाली. १७०१ साली नाटकवाल्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: आणून देईल त्याला वीस गिनी बक्षीस. कुणी आले नाही. दोनशे वर्षे गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या ग्रंथालयात सापडली. म्हणजे फडताळात ती होतीच. फक्त कुणी पाहिले नव्हते.

पण चोपडी सापडली म्हणजे गाणे ऐकू येते थोडेच? प्रत्येक गायकाला, प्रत्येक वादकाला त्याच्या त्याच्या भागाची नक्कल हवी. ते काम अंगावर घेतले होल्स्टने. हा पेशाने मास्तर. दिवसा मुलींच्या शाळेत शिकवायचा, आणि संध्याकाळी मोर्ली कॉलेजात, जिथे दिवसभर कष्ट करून आलेली माणसे शिकायला येत. त्याच्या उजव्या हाताच्या नसा दुखत, लेखणी धरवत नसे. तेव्हा लिहायला बसले विद्यार्थी. अठ्ठावीस जण. फावल्या वेळात, जवळजवळ दीड वर्ष, १,५०० पाने!

इथे मी पुस्तक मिटून बसले. लहानपणी अप्पा मला नकला उतरायला बसवीत आणि मी रडत असे. अक्षर वाकडे गेले की ते पान फाडीत. मला तेव्हा वाटे, हा माणूस माझ्या खेळण्याच्या वेळेवर उठला आहे.

१९११ साली लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात त्या मंडळींनी ‘द फेअरी क्वीन’ गायले. पडदे नाहीत, मोर नाहीत, माकडेही नाहीत, नुसते गाणे. आरंभी व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने चार शब्द सांगितले. नाटक म्हणून ते उभे राहिले पुढे १९२० साली, केंब्रिजला. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली कॉव्हेंट गार्डनच्या थोर नाट्यगृहात. मोठ्या लोकांचे पुढचे सगळे प्रयोग झाले ते झाले. मला दिसतात ते दिव्याखाली मान मोडून बसलेले अठ्ठावीस जण. माझ्या मुलाने मोबाइलवर ते संगीत शोधून दिले. त्यातली रात्र गाते तेव्हा तंतुवाद्ये इतकी हलकी वाजतात, की मी स्वयंपाकघरातला नळ बंद करून आले.

माझे काम मात्र उलटे. त्यांच्यापाशी चोपडी होती, नकला करायच्या होत्या; माझ्यापाशी नकला आहेत, आणि चोपडी करायची आहे. यमाच्या नकलेत सावित्रीच्या भाषणांची नुसती शेपटे आहेत.

सावित्रीचे काम करीत ते शेजारच्या गावचे एक शिंपी. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. परवा धीर करून त्यांना फोन लावला. “नक्कल कुठली आता, पोरी,” ते म्हणाले. “वाळवीने खाल्ली.” मग जरा थांबून म्हणाले, “यमाची आहे म्हणतेस? वाच बघू. मोठ्यानं वाच, ऐकू कमी येतं.”

मी अप्पांच्या अक्षरातले यमाचे पहिले भाषण वाचले. पलीकडे काही क्षण शांतता. फोन कट झाला की काय असे मला वाटले. आणि मग त्या थकलेल्या घशातून, बायकी वळणाचा एक आवाज यमाला उत्तर देऊ लागला.

भाऊबीज झाली की दोनशे पानी वही घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.