पाठची बाजू

चिकटवहीत जागा मिळवायची तर माणूस निदान गावसकर असावा लागे. आमच्या पिढीचा हा अलिखित नियम. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर १८३ धावांत सर्वबाद होऊनही भारताने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवलं, आणि त्या पावसाळ्यात घरोघरच्या वर्तमानपत्रांना चौकोनी भोकं पडू लागली. आजोबांचं वाचून होईपर्यंत कात्री घेऊन ताटकळायचं, मग कपिलदेव, मोहिंदर, श्रीकांत एकेक करून कापून काढायचे. डिंकाची बाटली संपली की आई मैद्याची खळ शिजवून द्यायची. कसर लागू नये म्हणून आजोबा तीत बाइंडरांसारखी मोरचुदाची चिमूट टाकत, आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, अशी तंबी देत. पुढे दहावी आली आणि वही माळ्यावर गेली.

घर रंगवायला काढलं तेव्हा ती खाली आली. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं, मग तपकिरी पडतं. खेळाडूंचे पांढरे पोशाख त्या रंगात केव्हाच मिसळून गेले होते. खळ सुकून पापुद्रे सुटले होते. कपिलदेव विश्वचषकासकट अलगद हातात आला आणि मी कागद उलटला.

पाठीमागे अर्धवट कापलेला सोन्याचा भाव होता. ‘पाहिजेत’च्या रकान्यात मराठी-इंग्रजी टायपिंग येणारी मुलगी हवी होती, कुठे, ते कात्रीने खाल्लेलं. कुणाची तरी शिलाई मशीन विकायची होती. मी उभ्या उभ्या सगळं वाचलं, मग खाली बसून बाकीची कात्रणं सोडवायला लागले. विश्वचषक उंचावलेला कपिलदेव आज फोनवर क्षणात सापडतो, तोही याहून स्वच्छ. त्या दिवशी आमच्या गावात कोण काय विकत होतं, कुणाला कसली नोकरी मिळण्याजोगी होती, ते मात्र कुठे शोधायचं? आम्ही सगळ्या मुलांनी ते खळ लावून, वरून हाताने दाबून, उपडं चिकटवून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात नवी चिकटवही आणली. या खेपेला थोरामोठ्यांना मज्जाव, फक्त घरातलं. पण रोजच्या जगण्याचा कागदच आटत चाललाय, हे तेव्हा ध्यानात आलं. बसचं तिकीट मोबाइलवर, वाण्याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर, भाजीचे पैसे क्यूआर कोडवर. दुकानातली पावती मिळाली तरी तिच्यात शाई नसते. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि तो यथावकाश विरून जातो. म्हणून पावतीशेजारी मी पेन्सिलीने उतरवून ठेवते: लाल भोपळा अर्धा किलो, उदबत्ती, एक रबरी नळी.

खरा ऐवज निघाला स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं ते तिथी, सण, मुहूर्त कळावेत म्हणून. घराघरांतल्या बायकांनी त्याचं रोजकीर्द करून टाकलं. संकष्टीच्या चंद्रोदयाखाली सासूबाईंच्या अक्षरात ‘दूध नाही’. पुढच्या चौकोनात ‘सिलिंडर लावला’. मग ‘बाई खाडा’, लागोपाठ तीनदा, तिसऱ्यापुढे उद्गारचिन्ह. महिना उलटला की ही पानं फडताळात डब्यांखाली जायची. आता वहीत येतात. त्यांना पाठही सुरेख असते: एखादी पाककृती, एखादा लेख आणि फोडणीचा एक डाग.

पाठ दिसायची तर चिकटवायचं कसं? डिंकाचा वैताग मार्क ट्वेनलाही होता. त्याने १८७३ साली पानांवर आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करा, कात्रण दाबा, झालं. माझी गरज नेमकी उलटी. मी फक्त वरच्या कडेला खळीचं बोट फिरवते. कात्रण झडपेसारखं उचलता येतं.

कारण ‘रोजचं’ म्हणून आपण जे निवडतो, ते निवडताक्षणीच थोडं सणाचे कपडे घालून बसतं. पावती जपायची म्हटलं की आपण नीटनेटकी पावती शोधतो. खरं रोजचं बिनबोलावता येतं, आपलं लक्ष पुढच्या बाजूकडे असताना. त्याच्यासाठी फार तर जागा मोकळी ठेवता येते.

तरी हात शिवशिवतातच. परवा भाचीच्या बक्षीस समारंभाचा फोटो पेपरात आला. कापायला घेतला आणि आधी पान उलटून पाहिलं, तर मागे बाजारभाव. मग कात्री त्या बाजूनेच चालवली. फोटोत भाचीचा डावा हात ढालीसकट गेला. मेथीच्या जुडीचा भाव मात्र पुरता आलाय.