पोटखराबा

संस्कृत शिकवितांना ‘ऊषर’ हा शब्द आला, कीं मी उदाहरण देत असें तें रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या घरामागच्या सड्याचें. जांभ्या दगडाचें तें उघडें पठार. तेथें नांगर चालत नाहीं, झाड धरत नाहीं. सातबाऱ्यावरहि त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशीच आहे.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतां हाटकेश येथें मुलाकडे राहतों. गेल्या वर्षीं पुतण्यानें कळविलें, कीं एक चिरेखाणवाला सड्याचा चांगला मोबदला देण्यास तयार आहे. घरांतील वडील म्हणून माझी सही तेवढी हवी. मूळ घराचें छप्पर दुरुस्त करावयाचें होतें. मीं होकार दिला आणि मृगाचा पाऊस पडल्यावर गांवीं निघालों. वनस्पतिशास्त्र शिकणारी नात हट्टानें बरोबर आली.

सड्यावर पाऊल ठेवतों तोंच ती ओरडली, “आबा, तेथें पाय देऊं नका!” माझ्या पायाशीं खडकाच्या भेगेंतून पांढऱ्या फुलांचा एक दांडा उभा होता. ती दीपकाडी. डाल्झेल नांवाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें 1850 सालीं तिचें वर्णन केलें. कोंकणपट्टींतील सडे हेंच तिचें मुख्य घर. बाळपणापासून मी तिच्यावरून चालत आलों होतों!

नातीनें मग मलाच पाठ दिला. उन्हाळ्यांत तापणारा आणि पावसांत पाण्यानें भरणारा हा खडक. माती बोटभरहि नाहीं. असल्या जागीं तगणारी वनस्पति खालच्या रानांत टिकत नाहीं, आणि रानांतली येथें रुजत नाहीं. म्हणून प्रत्येक सडा समुद्रांतील बेटासारखा. पिढ्यानुपिढ्या एकाकी राहिलेली वनस्पति अखेर निराळी जात होऊन बसते. ब्राझील व आफ्रिका येथील एकाकी शिलाडोंगरांवरहि हाच प्रकार आहे. साताऱ्याकडील पठारांवरच्या वायतुऱ्याला शास्त्रांत नांव मिळालें 1982 सालीं. विशाळगडावरील एका कंदीलपुष्पाला, शिवरायांच्या नांवानें, 2023 सालीं.

दुपारीं तिला एका पाणथळ खळग्यांत बोटभर उंचीचें एक रोप सांपडलें. तें तिच्या पुस्तकांतील कोणत्याहि वर्णनाशीं जुळेना. तेवढ्यानें नवी जात ठरत नाहीं. संग्रहांतील जुन्या नमुन्यांशीं तें ताडून पाहावें लागतें, मग सविस्तर वर्णन प्रसिद्ध करावें लागतें. 2011 अखेरपर्यंत तें वर्णन लॅटिनमध्येंच लिहिण्याचें बंधन होतें, हें ऐकून माझ्यांतील संस्कृतच्या मास्तराला मौज वाटली. नमुना तिच्या प्राध्यापकांकडे आहे. कदाचित् तें रोप जुनेंच निघेल.

सही मीं केली नाहीं. धाकटे बंधू रागावले आहेत, आणि त्यांचा राग अस्थानीं नाहीं. छपरासाठीं निवृत्तिवेतनांतून मी जें देऊं शकतों, तें खाणीच्या पैशापुढें थोडकें आहे. परंतु चिरा एकदां काढला, कीं सडा पुन्हां होत नाहीं. ज्या वाचकांच्या नांवावर असा पोटखराबा असेल, त्यांनीं सही करण्यापूर्वीं एका मृगांत तरी तेथें जाऊन यावें. आणि पाऊल जपून टाकावें.