निखळलेला खांदा

निखळलेला खांदा बसविताना जो चिकित्सक घाई करतो, त्याच्याशी रोग्याचे स्नायूच दावा मांडतात. कारण बाहूच्या हाडाचे वाटोळे डोके उथळ बशीवरल्या लिंबासारखे जेमतेम टेकलेले असले, तरी ते एकदा पुढे घसरले की भोवतालचे स्नायू वेदनेने ताठरून त्याची परतीची वाट रोखून धरतात. सुश्रुताने अशा वेळी काखेत मुसळ देऊन सांधा वर उचलावा व जागी बसल्यावर स्वस्तिकबंधाने बांधावा असे सांगितले आहे. हिपॉक्रेटीसच्या परंपरेत तेच काम वैद्याची टाच करते. 1870 मध्ये स्वित्झर्लंडच्या कोखर यांनी कोपर काटकोनात ठेवून हात सावकाश बाहेर वळविण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तीत ओढण्याला मुळी स्थानच नव्हते; ओढ पुढच्यांनी पदरची घातली, हाडे मोडली, आणि बदनामी मात्र कोखरसाहेबांच्या खाती जमा झाली! मला स्टिम्सनची 1900 सालची तजवीज अधिक भावते: वेदनाशामक देऊन रोग्यास पालथे निजवावे, हात मेजाखाली लोंबता सोडून मनगटाला चार-पाच किलो वजन बांधावे, आणि त्याच्याशी पीकपाण्याच्या गोष्टी करीत बसावे, पाव तासात थकलेले स्नायू पुष्कळदा आपण होऊन कबजा सोडतात. अर्थात हाड मोडलेले नाही याची क्ष-किरण चित्रावरून खातरजमा करून, आणि दंडाच्या वरच्या बाहेरील अंगावर बोट फिरवून तेथील संवेदना शाबूत आहे की नाही हे पाहूनच. काखेजवळून वळसा घेणारी नस या अपघातात दुखावू शकते.

खरा पेच पुढेच असतो. तालमीतला विशीचा पैलवान तीन आठवडे हात झोळीत ठेवतो, आणि पहिल्याच ढाक डावाला तोच खांदा घेऊन परत येतो. कारण बँकार्ट यांनी 1923 मध्ये दाखविल्याप्रमाणे खोबणीच्या कडेची कूर्चा सुटलेली असते, व ती झोळीने क्वचितच पूर्ववत जुळते. अशाला दुर्बिणीतून ती कड शिवून घेण्याचा सल्ला मी लवकर देतो, मग वस्ताद कितीही रुसोत. न्हाणीघरात घसरलेल्या सत्तरीच्या आजीबाईंचे प्रकरण निराळे: त्यांचा खांदा पुन्हा निखळण्याचे भय थोडे, पण आखडण्याचे आणि आतल्या कंडरा फाटलेल्या असण्याचे भय फार, म्हणून त्यांना मी आठवडाभरातच ओणवे होऊन हात झुलवायला लावतो. “बसवलात ना हात, मग बसू द्या की त्याला गप्प!” असे त्या म्हणतात, तेव्हा मी वाद न घालता सूनबाईंना बाजूस घेऊन, तीन आठवडे उलटल्यावर पानाचा डबा दर चार दिवसांनी एकेक फळी वर चढवीत जाण्याची सूचना देतो.