कोरे पत्र

पुणतांब्याला गेले की गोदावरीकाठी चांगदेवांच्या समाधीपाशी घटकाभर टेकायचे, ही माझी जुनी सवय. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याला ज्ञानदेवांना लिहायच्या पत्राचा मायना सुचेना, म्हणून त्याने कोराच कागद धाडला. आणि इतके जगूनही हा कोरा तो कोराच, असे म्हणत चिमुरडी मुक्ताबाई हसली, अशी कथा आहे. लहानपणी मला चांगदेवांची कीव येई. कोरे राहणे म्हणजे फुकट जाणे, असेच तेव्हा वाटे.

२०२२ च्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ त्या पायरीवर कुबड्या टेकून बसला होता. आदल्या वर्षी करोनात स्टेरॉइडांनी त्याला तारले. पुढे जांघेत कळ येऊ लागली. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आटून तो आतून मरत चालला होता. असे तीन रुग्ण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला यांनी २०२१ मध्येच नोंदवले होते.

गोळा अजून चेपला नव्हता, हेच काय ते नशीब. एकदा चेपला की कृत्रिम सांध्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून मगज काढला, यंत्रात घुसळून दाट केला, आणि मेल्या हाडापर्यंत बारीक भोक पाडून आत सोडला. त्यात मूळपेशी असतात, लाखांत मोजक्याच. मगजातल्या अशा पेशी हाड घडवतात, हे मॉस्कोच्या फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवले.

"ताई, माझंच काढून मलाच घातलं, मग पैसे कशाचे गं घेतले?" भाऊ म्हणाला. पेरूच्या बागेचे वर्षाचे उत्पन्न त्यात गेले होते, आणि खात्री तर कुणीच दिली नव्हती.

मला हसू आले. पण नजर समाधीवरच होती. मूळपेशी अजून हाड, कूर्चा, चरबी यांपैकी काहीच झालेली नसते, म्हणूनच ती हाड होऊ शकते. चांगदेवांच्या कोऱ्या कागदालाही पासष्ट ओव्यांचे उत्तर आलेच की!

भाऊ आता बागेत काठीवाचून फिरतो. मांडी घालून मात्र बसवत नाही. दर तपासणीला आम्ही दोघे जीव मुठीत धरून ते चित्र पाहतो. गोळा अजून गोल आहे.