योग मिळाला, क्षेमाचें काय?

‘योगक्षेम’ हा शब्द आपल्या घरांत नित्य कानीं पडतो. अप्राप्ताची प्राप्ति तो योग आणि प्राप्ताचें रक्षण तो क्षेम, अशी भाष्यकारांनीं त्याची फोड केली आहे. सरकारी आरोग्ययोजनांत अलीकडे झालेले पालट पाहतां ही जुनी फोड आम्हांस वारंवार आठवते.

राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्यें आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत कोल्हापूर नव्हतें. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती राज्यभर पसरली, तेव्हां आपल्या जिल्ह्यास तिचा लाभ मिळूं लागला. २०१७ सालीं तिला महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. पूर्वीं मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली ही छाया २०२३ च्या शासननिर्णयानें शुभ्र पत्रिकाधारकांसही मिळाली, आणि कुटुंबामागें वार्षिक मर्यादा दीड लक्षांवरून ५ लक्ष रुपये झाली. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेंत ७० वर्षांवरील सर्वांस उत्पन्नाची अट न ठेवतां प्रवेश मिळाला. हे सर्व पालट स्तुत्यच आहेत.

मात्र ही छाया मुख्यतः रुग्णालयांतील खाटेवर पडते. शस्त्रक्रिया, तेथील औषधें आणि आयुष्मान योजनेंत घरीं परतल्यावर १५ दिवसांचीं औषधें, एवढा भार योजनेचा. सोळाव्या दिवसापासून तो गृहस्थाचा. रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचीं औषधें तर बहुधा जन्माचीं असतात. योग सरकारनें दिला. क्षेम ज्याचें त्यानें पाहावें, असा हा व्यवहार आहे.

आमच्या थोरल्या बंधूंची तुंबलेली हृदयधमनी अशाच एका योजनेखालीं जाळी बसवून मोकळी करण्यांत आली. एक पैसा लागला नाहीं. सर्व घरास हायसें वाटलें. चार महिन्यांनीं वहिनींनीं गोळ्यांचीं पाकिटें मोजलीं, तों एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरत असल्याचें उघड झालें. दादा एक दिवसाआड गोळी घेत होते. “मुलांवर किती भार घालावयाचा?” एवढेंच त्यांचें उत्तर. जाळींत रक्त गोठूं नये म्हणून दिलेलें औषध डॉक्टरांच्या संमतीवांचून चुकविणें म्हणजे झालेला सर्व उपचार, किंबहुना जीवच, पणास लावणें होय. सुदैवानें तें वेळींच कळलें.

नित्याच्या औषधांचा भारही योजनेनें उचलावा, ही मागणी रास्त आहे व ती करीत राहिलें पाहिजे. तोंवर जनऔषधि केंद्रांतील स्वस्त औषधें डॉक्टरांस विचारून घेतां येतात. परंतु खरा उपाय घरांतच आहे. एकत्र कुटुंबांत मीठमिरचीचा खर्च कोणाच्या नांवावर मांडीत नाहींत. वडीलधाऱ्यांच्या गोळ्याही तशाच मांडाव्या. वृद्ध माणूस भूक लागली तर जेवण मागेल. औषधासाठीं पैसे मागावयास मात्र तो संकोचतो.

आमच्या घरीं आतां वाणसामानाच्या यादींत पहिली ओळ दादांच्या औषधांची असते. ती लिहितांना त्यांस विचारण्याची चाल आम्हीं ठेविलेली नाहीं.